मधोमध येणारा दांडा

गाडीतून उतरून तिनं दार लावलं, खांद्यावरची पर्स सारखी केली आणि दोन पावलं टाकली, तर गाडी मागे निघाली. निघाली म्हणजे काही धावली वगैरे नाही. जेवण झाल्यावर माणूस जसा खुर्चीत सावकाश मागे रेलतो तशी ती उतारावरून मागे रेलत गेली आणि खाली फोमच्या गाद्या रचून केलेल्या भिंतीला जाऊन टेकली. आवाज झाला तोही किरकोळच. उताराच्या कडेला स्टूल टाकून मिस्त्री बसला होता. हुद्द्यानं तो चांगला इंजिनिअर, पण हाताला सदानकदा ग्रीस, म्हणून सगळं खातं त्याला मिस्त्रीच म्हणायचं. त्यानं आधी गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हसू दाबत म्हणाला, "अहो ताई, तुम्ही तर दिवसभर ह्याच तक्रारी वाचता." तिनं विचारलं, "कॅमेरा नीट लागला होता ना?" कारण तिला बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच. ज्यांची चाचणी घ्यायची ती माणसं कोरी लागतात, त्यांना कशाची चाचणी आहे हे कळता कामा नये. हिशेब विभागातले कारकून, झाडलोट करणाऱ्या बाई, दारावरचा रखवालदार, असे एकेक जण यायचे. त्यांना सांगायचं, जरा चक्कर मारून या आणि आरसे कसे वाटतात ते सांगा. ते चक्कर मारून यायचे, चढावर गाडी थांबवायचे, आरशांबद्दल बोलायला उतरायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी त्यांच्यामागे खाली जायची. ती ह्या मोजणीत बसणारी नव्हतीच. तिला सगळं माहीत होतं. ती डबा खाऊन आवारात उन्हाला उभी होती, मिस्त्री म्हणाला, दोन मिनिटं बसता का, कॅमेरा लावून बघतो, आणि ती बसली. आता तो गाडीकडे चालत गेला, आत वाकला, डॅशबोर्डवरचं अक्षर बघून मान हलवली. "रिव्हर्समध्येच राहिली," तो म्हणाला. तिला वाटलं होतं पार्कमध्ये आहे. वाटलं होतं असंही नाही, त्यावर तिनं विचारच केला नव्हता, हातानं दांडा वर ढकलला होता आणि हात मोकळा झाला होता.

तिला काही वाटलं नाही. हेच तिला थोडं खटकलं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठाला बोट लावावं आणि ओठ दुसऱ्या कुणाचा असावा, तसं तिचं गेलं वर्षभर चाललं होतं, पण निदान आज काहीतरी हलायला हवं होतं. वर टेबलाशी येऊन ती बसली आणि समोरचं काम पुढे ओढलं. हे खातं सरकारी. रस्त्यावरच्या गाड्यांत काही खोट आहे का हे शोधायचं, आणि सापडली तर कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करायला लावायचं, हे त्याचं काम. तिचं टेबल पहिलं. लोकांच्या तक्रारी यायच्या त्या वाचायच्या, गरज पडली तर फोन करायचा आणि दोन ढीग करायचे, एक गाडीच्या खोटीचा, दुसरा चालकाच्या चुकीचा. दुसऱ्या ढिगाला ऑफिसात गमतीनं 'गुन्हा कबूल' म्हणायचे, कारण कुणी विचारायच्या आधीच माणसं मान्य करून टाकतात. कदाचित माझंच चुकलं असेल. वय झालं आता. मुलं मागे भांडत होती, लक्ष नव्हतं. माणसाला लोखंडावर आळ घ्यायची लाज वाटते, स्वतःवर घ्यायला काही वाटत नाही. ह्या गाडीच्या तक्रारी सुरुवातीला सगळ्या त्याच ढिगात गेल्या होत्या. नव्या पद्धतीचा गिअरचा दांडा. पुढे ढकला नाहीतर मागे ओढा, सोडला की आपोआप मधोमध येऊन उभा राहतो, त्यामुळे गाडी कशात आहे ते दांड्याकडे बघून कळत नाही, हाताला कळत नाही, एक बारीकसं अक्षर पेटतं तेवढंच. त्यात गाडी थांबली की इंजिन गप्प होतं. माणूस उतरतो. सपाटीवर असला तर काही होत नाही, आणि माणसं बहुतेक वेळ सपाटीवरच असतात.

बाबांचं घर सपाटीवर नव्हतं. इमारत टेकाडाच्या कडेला, फाटकातून आत शिरलं की लगेच चढ. आई-बाबा दोघंच राहायचे, ती त्या वेळी ऑफिसजवळ खोली घेऊन. त्या सकाळी दोघं बाजारातून आले. बाबांनी गाडी फाटकातून आत घेतली, चढावर थांबवली, आणि आई फाटक लावायला उतरली. रोजचंच होतं ते. फाटकाची कडी जरा वाकडी, एक दार उचलून धरल्याशिवाय बसायची नाही. आईनं हाक मारली, "अहो, कडी बसत नाहीये." म्हणून बाबा उतरले. हे सगळं समोरच्या दुकानदारानं पाहिलेलं, त्यानंच पोलिसांना सांगितलं. आईची पाठ गाडीकडे होती. बाबा दाराच्या बाजूनं खाली येत होते आणि गाडी त्यांच्याबरोबर यायला लागली, त्यांच्या शेजारून, त्यांच्याहून जरा जास्त घाईनं. बाबांनी हातानं ती धरायला बघितली. सबंध गाडी, खिडकीच्या काठाला धरून. त्या हाताची दोन नखं काळी पडली होती, ती हॉस्पिटलमध्ये तिला दिसली, बाबा बाकावर बसले होते आणि नखं मांडीवर उघडी ठेवलेली होती. धावत आलेली ती, धाप लागलेली. आणि तिनं पहिलं वाक्य काय उच्चारलं, तर, "बाबा, हँडब्रेक नव्हता लावला?" बाबांनी वर बघितलं. "नाही वाटतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. पुढे पोलिसांपुढेही बाबांनी एकच सांगितलं, माझ्याकडून झालं. वयाकडे बघून आणि घरच्या कुणाची तक्रार नाही म्हणून प्रकरण मिटलं. तिच्या खात्यापर्यंत ते आलंच नाही. तक्रार यायला तक्रारदार लागतो, आणि बाबांची कुणाबद्दल काही तक्रार नव्हती.

ती बाबांकडे राहायला आली. लोकांना वाटलं, मुलगी बघा कशी, सगळं सोडून बापाला सांभाळायला आली. मोठा भाऊ दूर देशात, त्याचा आठवड्याला फोन, त्यालाही हायसं वाटलं. पण घरात दोघं बोलायची ती जेवढ्यास तेवढं. दूध आलं का. लाइटचं बिल भरलं. तुमची गोळी राहिली. ती रागावली होती असं म्हणावं तर तेही नाही, राग असता तर भांडण झालं असतं आणि भांडणातून माणसं कुठेतरी निघतात. इथे नुसतं ताट वाढणं आणि ताट उचलणं. दादा फोनवर म्हणायचा, ती गाडी विकून टाका आधी. बाबा हो म्हणायचे आणि रविवारी खाली जाऊन गाडीवरचं कापड काढायचे, आत बसून इंजिन चालू करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. ती वरून खिडकीतून बघायची. गाडी आता इमारतीमागच्या सपाट जागेत असायची, चाकांपुढे एक, मागे एक वीट. बाबा हात मांडीवर ठेवून बसायचे, दांड्याला हात लावायचे नाहीत. एकदा, सुरुवातीच्या दिवसांत, त्यांनी जेवताना विचारलं होतं, "तुमच्या ऑफिसात गाड्या तपासतात ना?" ती म्हणाली, "ते तसं नसतं, बाबा. एका गाडीचं नाही बघत." जे सांगितलं ते खरंच होतं. एका गाडीचं बघत नाहीत. पण त्यांनी काय विचारलं होतं हे तिला तेव्हाही कळलं होतं, आणि ती उठून हात धुवायला गेली होती.

त्या संध्याकाळी, चाचणीच्या आवारातून आल्यावर, तिनं ठरवलं होतं की सांगायचं. जिना चढताना मनात वाक्यही जुळवलं. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते, आवाज बंद करून, आई झोपलेली असताना बघायचे तसा. ती समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी पाय आखडून घेतले, तिला जायला वाट हवी असेल म्हणून. आणि ते एवढं सभ्य, इतकं परक्यासारखं होतं, की ती म्हणाली, "उद्या पाणी उशिरा येणार आहे." "बरं," बाबा म्हणाले, "भरून ठेवतो मी." ती आत जाऊन पलंगावर बसली. डावा हात उचलून बघितला. हाताला काही पत्ता नव्हता. दुपारी दांडा वर ढकलला तेव्हा एक हलकासा खटका लागला होता, तो तिला आठवत होता, आणि त्या खटक्यावर तिचा इतका विश्वास बसला होता की मग पुढे बघायची गरजच राहिली नाही. हे माहीत असलेल्या बाईचं. वर्षभर त्याच त्याच तक्रारी वाचून ज्या बाईला त्या पाठ झाल्या होत्या, तिचं. मग बाबांना तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. हा विचार आला तसा तिनं तो धरून ठेवायचा प्रयत्न केला, त्यातून रडू येईल असं वाटलं, पण रडू आलं नाही. नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला, बाबा आत्ताच पाणी भरायला लागले होते.

कंपनीबरोबरची बैठक झाली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. लांब टेबल, एका बाजूला खात्याचे साहेब, मिस्त्री आणि ती, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं. त्यांच्या वकीलबाई फार गोड बोलायच्या. त्यांचं म्हणणं असं की गाडीत दोष असा नाहीच, नवी गोष्ट आहे, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो. डॅशबोर्डवर एक सूचना चिकटवू, गाडी घेणाऱ्याला नीट समजावून सांगू. "माहिती असलेला माणूस ही चूक करणार नाही," त्या म्हणाल्या. साहेब घसा खाकरत गोळी चघळत होते, त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं नाही, आणि तिला कळलं की आता काय होणार. पडद्यावर उतार आला, गाडी आली, गाडीतून एक बाई उतरली. पर्स सारखी केली. दोन पावलं टाकली. किती शांत दिसत होती ती बाई, घरी जायला निघाल्यासारखी. मागे गाडी सरकली, आणि बाई वळली आणि नुसती बघत राहिली. धरायला गेली नाही. तिला आपलंच नवल वाटलं, की आपण हात पुढे केला नाही, आणि बाबांनी केला होता. "ही मोजणीतली नाही," मिस्त्री म्हणाला, "कॅमेरा लावून बघत होतो. आमच्या तक्रार विभागातल्या आहेत." वकीलबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला ह्या दांड्याबद्दल माहीत होतं?" "होतं." "मग कशी झाली चूक?" ह्याचं उत्तर तिनं फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं, आणि दर वेळी ऐकताना बाजूच्या कागदावर काहीबाही रेघोट्या ओढल्या होत्या. "मला वाटलं, मी पार्कमध्ये टाकली," ती म्हणाली. वकीलबाईंनी समोरची फाइल मिटली.

बैठक संपल्यावर तिनं साहेबांना जिन्याशी गाठलं आणि सांगितलं की आई गेली ती ह्याच मॉडेलच्या गाडीखाली. आई अपघातात गेली एवढं सगळ्यांना माहीत होतं, कुठली गाडी ते कुणी विचारलं नव्हतं. खात्याचा नियम असा की घरच्यांचा संबंध असला तर ते काम दुसऱ्या टेबलाकडे द्यायचं. साहेबांनी गोळी गालात ढकलली. "आधी का नाही बोललात?" "कसं बोलायचं ते कळत नव्हतं," ती म्हणाली. साहेब जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे राहिले, रागवावं की काय करावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले की वर कळवावं लागेल, तुमची फीत मोजणीत नाहीच, बाकीच्यांची पुरेशी आहे, आणि तुम्ही उद्यापासून टायरच्या तक्रारी बघा. ती टायरच्या तक्रारी बघायला लागली. टायरचं बरं असतं, टायर फुटतो, त्यात कुणाला काही वाटायचा प्रश्न नसतो. महिन्याभरानं बातमी आली की कंपनीनं फार न भांडता सगळ्या गाड्या परत बोलावल्या. मिस्त्री पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत फिरला. तिच्या टेबलाशी आला तेव्हा मात्र नुसतं चहा पाजू का म्हणाला.

कंपनीचं पत्र घरी आलं ते बाबांच्या नावानं. तिनं ठरवलं होतं की आपण काही बोलायचं नाही, ते वाचतील, त्यांना आपोआप उलगडेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. बाबांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचलं. काही परिस्थितीत चालक उतरल्यावर वाहन सरकण्याची शक्यता असते, वगैरे, जशी भाषा असते तशी. त्यांनी ते पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवलं. "घेऊन जावी लागेल गाडी," ते म्हणाले. बस, एवढंच. जसा सोसायटीचा निरोप असावा. ती स्वयंपाकघराच्या दारात वाट बघत उभी राहिली, भात लागायला आला तरी उभी राहिली. तिला वाटलं होतं, सरकारनं आणि कंपनीनं मिळून सांगितलं की झालं, माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरणारच. पण बाबांनी ते पत्र दुसऱ्या लोकांबद्दलचं म्हणून वाचलं होतं. त्या लोकांच्या गाड्यांत खोट होती. त्यांची स्वतःची गोष्ट त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावरच मान्य करून टाकली होती, आणि ती त्यांना कुणी विचारली होती हे फक्त दोघांना माहीत होतं.

शनिवारी गाडी तिनं चालवली. बाबा शेजारी बसले, पट्टा लावून, हात मांडीवर. सर्व्हिस सेंटरमध्ये गर्दी होती, त्याच गाड्यांची रांग, काचेच्या खोलीत खुर्च्या, फुकटची कॉफी. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाले. खरंच अर्ध्या तासात झालं, वर गाडी धुऊनही दिली. निळा शर्ट घातलेला एक हसतमुख माणूस किल्ली घेऊन आला, वाकून बाबांना आदरानं समजावायला लागला. "काका, आता बिलकूल काळजी नको. दार उघडलंत की गाडी स्वतःहून पार्कमध्ये जाणार. तुम्ही विसरलात तरी हिला आठवेल." "हो," बाबा म्हणाले, "मी विसरलो होतो." नाव-पत्ता सांगावा तसं सांगितलं त्यांनी. त्या माणसाला काय कळणार, तो हसला, म्हणाला, होतं असं काका, सगळ्यांचंच होतं. "ते विसरले नव्हते," ती म्हणाली. आवाज जरा मोठा निघाला. काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच जमिनीकडे, आपल्यामुळे पोरीला चारचौघांत बोलावं लागलं म्हणून ओशाळल्यासारखे. निळ्या शर्टवाल्यानं किल्ली तिच्या हातात दिली आणि सही घेतली.

गाडीत येऊन बसल्यावर तिनं इंजिन चालू केलं नाही. काच धुतलेली होती, तिच्यावर पाण्याचे ओघळ वाळत होते. तिला भीती वाटत होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला आपल्याला काय वाटतंय हे नक्की ठाऊक होतं. "बाबा," ती म्हणाली, "उतरताना काय केलंत तुम्ही?" बाबा काचेवरच्या ओघळांकडे बघत होते. तिला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी डावा हात उचलला, चालवताना उचलायचे तसा, हवेतच, दांडा त्या बाजूला नव्हताच, आणि समोर थोडा ढकलला. "असं केलं," ते म्हणाले. "तुझी आई हाक मारत होती. म्हटलं, आलो. असा वर केला. खटका लागला ना हाताला." त्यांचा हात तसाच राहिला. "टाकली होती गं मी. पार्कमध्ये टाकली होती." इतकं साधं होतं ते, आणि वर्षभर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिनं त्यांचा तो हात धरला आणि खाली घेतला. दोन्ही नखं नवी आली होती, एक किंचित वाकडं. "मीपण टाकली होती, बाबा," ती म्हणाली. त्यांना कळेना. तेव्हा तिनं सांगितलं, चाचणीचं आवार, तो उतार, कॅमेरा, मिस्त्री, आपण पर्स घेऊन उतरलो ते, आणि मागे वळून बघितलं तेव्हा गाडी निघालेली होती ते. माहीत असून. सगळं माहीत असून. बाबा तिच्याकडे वळून बसले होते, पट्टा त्यांच्या गळ्याशी आला होता, आणि तिचं बोलणं ते लहान मुलाचं पडल्याचं-झडल्याचं ऐकावं तसे ऐकत होते, मध्ये न बोलता, तिच्या हातांकडे बघत.

"तुझ्या मागे कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. कुणी नव्हतं."

"बरं झालं," बाबा म्हणाले.